कै. सखाराम यांचा रक्तदाब

१

सखाराम जाऊन पाच महिने झाले होते, आणि सरकारने त्याचं अभिनंदन केलं.

संदेश त्याच्या मुलाच्या, योगेशच्या फोनवर आला. योगेश टेम्पो चालवतो. धारगळच्या हमरस्त्यावर टेम्पो कडेला घेऊन त्याने तो वाचला: 'अभिनंदन! सखाराम, आपला रक्तदाब नियंत्रणात आहे. गोळ्या अशाच चालू ठेवा.' दोनदा वाचला. मग माल तसाच उन्हात ठेवून तो माडवळच्या आरोग्य केंद्रात शिरला आणि डॉक्टर गुरुदासांच्या मेजावर फोन आपटला.

"माजो बापूस दिवाळीत गेलो! आता खंय ह्याचां प्रेशर मोजतास? सरणावर?"

डॉक्टरांनी मला फोन केला. मी सुमंगला. चौतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर नार्व्याला घरी बसून दोन कामं हाती घेतली: पाणी पीत राहायचं, कारण हल्ली तहान भागत नाही, आणि कुंपणाच्या अर्धवट भिंतीकडे बघत राहायचं. गवंडी चंदगडकडचे. पाडव्याच्या आदल्या दिवशी एकही फिरकला नाही, आणि सणाला दारात विटांचा ढीग तसाच. म्हणून डॉक्टरांचा फोन आल्यावर मला बरंच वाटलं. रागवायला दुसरं काहीतरी मिळालं.

सोमवारी दोन बस बदलून माडवळला पोचले. डॉक्टर खुर्चीत बसत नव्हते, उठत नव्हते, मधेच कुठेतरी होते.

"सिस्टर, योजना तुम्हाला ठाऊक आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं प्रेशर आणि साखर तपासायची, सापडला की यादीत घालायचा, महिन्याच्या गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात द्यायच्या. देशभरात साडेसात कोटी माणसं अशी उपचाराखाली आणायची असं दिल्लीने ठरवलंय. त्यात माझा एक मेलेला निघाला!"

"गोळ्या कोण देतं?"

"अंकिता, उपकेंद्राची आरोग्यसेविका. कंत्राटी आहे. बुधवारी तिचं कंत्राट वर पाठवायचंय. पुढे चालू ठेवा, की घरी पाठवा. तिने खोटे आकडे भरले असतील तर मी सही करणार नाही. तीन दिवस आहेत तुमच्याकडे."

उपकेंद्र दोन किलोमीटरवर. अंकिताला मी पूर्वी एकदा प्रशिक्षणात शिकवलेलं; वर्गात शेवटच्या बाकावर बसून पहिलं उत्तर देणारी. नवरा नाही, एक आई आणि हे कंत्राट. मला बघून ती उभी राहिली, पण हसली नाही.

"सिस्टर, नोंदवहीत मी खोटा आकडा एकही लिहिलेला नाही."

"सखाराम मेला हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग प्रेशर कुणाचं मोजलंस?"

तिने नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि ओठ मिटले. ते बुधवारपर्यंत उघडायचे नाहीत हे मला तिथेच कळलं.

२

नोंदवही घेऊन मी जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, बसले.

जिवंतपणी सखाराम दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी यायचा. वजन एक्याऐंशी. प्रेशरची गोळी आणि साखरेची गोळी, दोन्ही चालू. नोव्हेंबरात तो लेकीकडे सावंतवाडीला गेला आणि तिथेच वारला. मृत्यूची नोंद गोव्याच्या हद्दीपलीकडे झाली, म्हणून आमच्या यादीत तो जगत राहिला. इथवर कोड्यात काही नव्हतं. कोडं त्यापुढे सुरू होत होतं.

बारा डिसेंबर, मंगळवार: १७७/१०९.
अकरा जानेवारी, गुरुवार: १६३/१०१.
नऊ फेब्रुवारी, शुक्रवार: १५२/९६.
दहा मार्च, रविवार: १४७/९३.
आठ एप्रिल, सोमवार: १३८/८६.

प्रत्येक नोंदीपुढे वजन चोपन्न, कधी पंचावन्न. साखरेच्या गोळीच्या रकान्यात आडवी रेघ.

एवढ्यात प्रज्योत आला. आरोग्य केंद्रात बसून सगळ्या उपकेंद्रांचे आकडे संगणकावर चढवणारा मुलगा. डोळे रात्रभर पडद्याकडे बघितल्यासारखे.

"मॅडम, दहा मार्च बघितलात? रविवार! रविवारी उपकेंद्र बंद असतं. सरळ आहे, घरी बसून आकडे मारलेत."

"तुला असं का वाटतं?"

"वरून दर आठवड्याला विचारतात, किती जण नियंत्रणात? आकडा कमी भरला की फोन मला येतो. तिलाही टोचणी असेलच की. मारला एखादा."

"आणि तू? तू कधी मारलास?"

तो एकदम माठाकडे पाणी प्यायला गेला. तिथून म्हणाला, "मी फक्त चढवतो. जे येतं ते."

मीही उठून पाणी प्याले. तिसरा तांब्या. मग त्याला समोर बसवलं.

"हे बघ, बाबा. प्रेशरचे खोटे आकडे मी चौतीस वर्षं बघत आले. खोटं लिहिणारी बाई १२०/८० लिहिते. फार तर १३०/८०. तिला शून्याचा सोस असतो. एकशे त्रेसष्ट आणि एकशे एक कुणी मनाने लिहीत नाही, ते यंत्रच दाखवतं. दुसरं, खोटं लिहायचं तर पहिल्याच महिन्यात बरं करून टाकायचं. इथे चार महिने आकडा वर आहे आणि पायरी पायरीने उतरतोय. गोळी पोटात गेल्याशिवाय असा उतरत नाही."

"मग वजन? माणूस मेल्यावर सत्तावीस किलो उतरलं?"

"आणि साखर पार बरी झाली. मेल्याचे फायदे."

प्रज्योत हसला नाही. मला मात्र अंकिताचा अभिमान वाटला आणि पाठोपाठ तिची भीती वाटली. साखरेची गोळी तिने बंद केली होती, कारण समोरच्याला साखर नव्हती. म्हणजे नाव मेलेल्याचं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्या नावाखाली वजनापासून गोळीपर्यंत सगळं खरं लिहिलं होतं.

यंत्राच्या पट्ट्यात पाच वेळा एक जिवंत हात गेला होता. चोपन्न किलोच्या माणसाचा.

मी प्रज्योतकडे बघितलं. चोपन्नच्या आतबाहेर असेल.

"माझ्याकडे का बघताय?" तो खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

३

त्याचं प्रेशर तिथल्या तिथे मोजलं: ११२/७४. वयच तसं. त्याला सोडला आणि सखारामाचं घर गाठलं.

योगेश दारातच उभा. बापासारखाच आडवा, नव्वद किलोला कमी नाही. मागच्या अंगाला पत्र्याच्या तीन खोल्या ओळीने दिसत होत्या.

"भाड्याने दिल्यास?"

"छे, मॅडम! जुनां सामान आसा थंय."

जुन्या सामानाची एक पँट दोरीवर वाळत होती, गुडघ्यावर सिमेंटचे पांढरे डाग. खिळ्याला ओळंबा टांगलेला, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला सोडतात तो. योगेशने माझी नजर पकडली आणि आवाज चढवला.

"माज्या बापाशीच्या नावान गोळ्यो कोणी खाल्ल्यो ता सोधा! खोल्यो कित्याक मोजतास?"

आत सखारामाची बायको तारा कैऱ्या चिरत बसली होती, मिस्कुटाच्या लोणच्यासाठी. मोठी, शांत बाई. मी विचारलं, "ताराबाय, तुमचं प्रेशर कोण बघतं?"

"माका प्रेशर नाय गो, बाय. माजां वजन आसा. ही खुर्ची माका बघली की आधी कोंकावता."

म्हणजे तीही नव्हे.

"सखारामचं गोळ्यांचं कार्ड कुठे आहे?"

तिची सुरी थांबली, परत चालू झाली.

"असात खंयतरी. आमचे गेले, तेंचां सगळां पेटयेत घातलां."

पेटी कोपऱ्यातच होती. कुलूप नव्हतं आणि झाकणावर बोटभर धूळ. महिन्यातून एकदा उघडणाऱ्या पेटीवर एवढी धूळ बसत नाही, म्हणजे कार्ड पेटीत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने एक सडपातळ बाई आली, चिमणीएवढा आवाज करत. तारा म्हणाली, "हौसा, बरणीतलां गेल्या सालचां मिस्कुट थोडां घेवन जा."

"नगं, काकी. आमच्यात मिठाचं बंद केलंय. दिवसाला माणशी येकच चमचा, त्यो बी असा." आणि हौसाने हवेतल्या चमच्यावरून बोट फिरवलं, वरचं मीठ घासून पाडल्यासारखं.

हे घासायचं बोट माझं. वीस वर्षांपूर्वी मी सुरू केलं, कारण सपाट चमचा म्हणून सांगून कुणाला कळायचं नाही. अंकिता माझ्याकडून शिकली. आणि हे बोट ती सगळ्या गावाला दाखवत नाही, फक्त ज्यांना प्रेशर आहे त्यांच्या घरच्यांना दाखवते.

"हौसाबाई, तुमच्या घरी कुणाला प्रेशर आहे?"

तिचं बोट हवेत तसंच राहिलं. मग ती आली तशी मागच्या दाराने गेली.

४

सगळं कळलं असं वाटत होतं, पण एक काटा राहिला होता: तो रविवार. सोमवारी परतीच्या बसमध्ये तो टोचला आणि मंगळवारी सकाळीही टोचत होता. पोदेर पाव टाकून गेला, चहा निवला, मी अंगणात येरझारा घालत राहिले. पायांना मुंग्या येत होत्या. त्या हल्ली येतातच.

मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार. गोळ्या तीस दिवसांच्या, म्हणून महिन्याने येणं ठीक. पण शनिवारी येऊन एक दिवस आधी घेता आल्या असत्या. सोमवारी सकाळी आला असता तरी चाललं असतं. अंकिताला मुद्दाम रविवारी कुलूप उघडायला लागलं, म्हणजे दिवस तिने ठरवला नव्हता. येणाऱ्याला महिन्यातला तेवढा एकच दिवस मोकळा होता. रविवारी सुटी घेणारा माणूस पाचातून चारदा दुसऱ्याच वाराला येणार नाही. आठवड्याच्या बाजाराला सुटी घेणाऱ्याचा वार ठरलेला असतो. मग असा कोण, ज्याच्या सुटीला वारच नाही?

मी विटांच्या ढिगाला ठेच खाल्ली.

आठ एप्रिल म्हणजे पाडव्याचा आदला दिवस! त्या दिवशी माझ्या भिंतीवर कुणी आलं नाही, आणि मी फोनवर ओरडले तेव्हा चंदगडचा गवंडी शांतपणे म्हणाला होता, "बाई, आज आवस. आवसेला आमी थापी हातात धरत न्हाई."

आत जाऊन मी कॅलेंडरची पानं उलटली. आठ एप्रिलला काळा ठिपका. दहा मार्चला काळा ठिपका. नऊ फेब्रुवारी, अकरा जानेवारी. आणि जुनं कॅलेंडर माळ्यावरून काढून बारा डिसेंबर. पाचही काळे ठिपके. आमच्या इकडची माणसं कामाला सुटी घेतात ती रविवारी. घाटावरचे, कोल्हापूर-बेळगावकडचे गवंडी अमावस्येला काम बंद ठेवतात.

गवंडी, चोपन्न किलोचा, ज्याची बायको मीठ घासून घालते आणि ज्याचा ओळंबा योगेशच्या 'जुन्या सामानात' टांगलेला आहे.

पण तो स्वतःच्या नावाने का आला नाही? गोळी फुकट, यादी सगळ्यांना उघडी. मेलेल्याचं नाव पांघरायचं कारण काय?

५

दुपारी परत माडवळ गाठलं, तेव्हा जेवणाच्या सुटीत तो योगेशच्या खोलीच्या उंबऱ्यावर भाकरी खात होता. आनंदा, पंचेचाळिशीचा, दोरीसारखा वाळका. मी काही विचारायच्या आत हौसा म्हणाली, "मी काई बोलले न्हाई हो."

"तुम्ही नाही, तुमचं बोट बोललं."

आनंदाने भाकरी खाली ठेवली. "बाई, नाव लिवू नका. पाया पडतो."

"का?"

"मुकादम. आमचा राजेश मुकादम. गेल्या साली एक गडी परांचीवरनं चक्कर येऊन पडला. तवापासनं त्यो इचारतो, बीपी हाय? हाय म्हनला की गावाकडं धाडतो. यादीत नाव घातलं की समद्या गावाला कळतंय. हितं यादी भिताडावर लावत्यात."

खरंच लावतात. लोकांनी गोळ्या चुकवू नयेत म्हणून उपकेंद्राच्या भिंतीवर यादी लावायची कल्पना एका बैठकीत निघाली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

"आणि घरोघरी तपासणी झाली तेव्हा?"

"मालक म्हनलं, कोन आलं तर खोलीत गप बसा. खोल्यास्नी पंचायतीचा कागुद न्हाई." म्हणजे योगेशने भाडेकरू लपवले, आणि यादीच्या लेखी या घरात आनंदा जन्मलाच नव्हता.

तारा केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिच्या कमरेच्या पिशवीत ते कार्ड होतं, घामाने मऊ झालेलं.

"हो आनंदा एकदा बावडेकडे पाणी काढताना चक्कर येवन पडलो. माजेकडे आमच्यांच्यो प्रेशराच्यो गोळ्यो उरलेल्यो, त्यो दिलंय. मागीर कार्ड घेवन अंकिताकडे नेलंय. ती माज्यावर रागावली, उरलेल्यो गोळ्यो दिलंय म्हणान. पण तिना मोजलां आणि घाबारली."

"पण ताराबाय, आवसेला तुम्हीही त्याच्याबरोबर जायचात?"

"जायचंय, दर खेपेक."

"का? तो काय लहान आहे?"

तिने कैरीचा चीक लागलेले हात पदराला पुसले.

"बाय, माज्यान नाव घेवक जायना. चाळीस वर्सां घेवक नाय. झिल बाबा म्हणता. शेजारी काका म्हणीत. आता तर कोणूच काय म्हणना नाय. अंकिता कार्ड हातात घेता आणि नावान हाक मारता. आणि कोणतरी 'ओ' म्हणता." ती आनंदाकडे बघून थोडी हसली. "ह्याचो आवाज तेंच्यासारखो नाय. पण 'ओ' म्हणता."

मला रागवायचं होतं. जमलं नाही, म्हणून मी आनंदावर रागावले.

"हे कार्ड खिशात घेऊन तुम्ही कुठे पडलात, तर मोठ्या दवाखान्यात त्यावर काय वाचतील? सखाराम, साखरेचा रोगी. तुम्हाला साखर उतरवायचं औषध देतील. नसलेली साखर उतरली की माणूस जातो. आणि उद्या अंकिताचं कंत्राट आहे. तुमचं नाव सांगितलं नाही तर डॉक्टर सही करणार नाहीत. ती तुमच्यासाठी तोंड मिटून बसलीय."

"तिनं शब्द दिलता मला." तो खाली बघून म्हणाला.

"मीही तुमचं नाव सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. उद्या दहा वाजता."

"उद्या स्लॅब हाय, बाई."

स्लॅबच्या दिवशी गवंड्याने खाडा करणं म्हणजे काय हे मला, अर्धवट भिंतीच्या मालकिणीला, कुणी सांगायला नको होतं.

६

बुधवारी उपकेंद्रात डॉक्टर, प्रज्योत, योगेश आणि अंकिता. मी उभी राहूनच बोलले. आकड्यांचं सांगितलं, उतरत्या पायऱ्यांचं, वजनाचं, बंद केलेल्या साखरेच्या गोळीचं. मग काळे ठिपके दाखवले.

"म्हणजे गवंडी," डॉक्टर म्हणाले. "ठीक. सिद्ध झालं की रोगी खरा आहे. नाव?"

"ते मी सांगणार नाही."

"सिस्टर! कागदावर काय लिहू? एक अनोळखी गवंडी?"

अंकिता खिडकीबाहेर बघत होती. योगेश बोटं मोडत होता. खोल्यांवर गोष्ट येणार हे त्याला कळलं होतं. दहा वाजून गेले. साडेदहा. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि कंत्राटाचा कागद पुढे ओढला. मी पाणी प्याले. पावणेअकराला त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

दारात चिखल आला. खरं तर आनंदा आला, पण आधी दिसलं ते कोपरापर्यंतचं ओलं सिमेंट. मागे हौसा, तिच्या मागे तारा.

"म्या आनंदा," तो म्हणाला. "त्यो सखाराम म्याच."

मग योगेशनेच तोंड उघडलं, "माज्या खोलयेत ऱ्हवता तो. दोन वर्सां," आणि डोक्यावरचा भार उतरवल्यासारखा खाली बसला.

"मुकादम?" मी आनंदाला विचारलं.

"सांगूनच आलो. बोल बोल बोलला. मग म्हनला, वर चढू नगंस, खाली ऱ्हाऊन माल कालव." थांबून म्हणाला, "हजेरी कमी लागंल. पर गावाकडं धाडलं न्हाई."

डॉक्टरांनी अंकिताकडे बघितलं. "दुसऱ्याच्या नावावर उपचार करणं हा गुन्हा आहे, समजतंय ना? लेखी ताकीद मिळेल."

"हो, डॉक्टर."

"आणि ती भिंतीवरची यादी आजच काढा." मग त्यांनी सही केली, चालू ठेवा या बाजूला, इतकी जोरात की खालच्या कागदावरही उमटली.

अंकिताने नवं कार्ड काढलं. आनंदा. वजन पंचावन्न. १४१/८८, धावत आला होता, म्हणून दोन चढला असेल. तारीख लिहिताना तिची नजर कॅलेंडरकडे गेली, माझीही. त्या चौकोनात ठिपका नव्हता. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो आवस नसलेल्या दिवशी आला होता.

ताराने जुनं कार्ड मेजावर ठेवलं, पण बोट उचललं नाही. "एकदा हाक मार गो," ती अंकिताला म्हणाली.

अंकिताने आमच्याकडे बघितलं. मग नेहमीच्या आवाजात, जशी रांगेतल्या माणसाला मारते तशी, हाक मारली, "सखाराम!"

आनंदाचं तोंड सवयीने उघडलं. हौसाने त्याचा हात दाबला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"नाय," तारा म्हणाली. "सखाराम नाय आता."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा घेतलेलं नाव तिलाच परकं वाटलं असावं. ती ओठांवरून पदर फिरवत राहिली. अंकिताने लाल शाईने कार्डावर 'मयत' लिहिलं आणि नोव्हेंबरची खरी तारीख घातली.

मी पिशवी उचलली. दोन बस बदलायच्या होत्या, भिंत तशीच होती.

"सिस्टर, आज सकाळपासून किती तांबे पाणी झालं?" अंकिताने विचारलं.

"उकाडा आहे."

"आणि पाय का झटकताय सारखे?"

प्रज्योत इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. अंकिताने आणखी एक कोरं कार्ड ओढलं, माझ्याकडे न बघता वर एक नाव लिहिलं, साखर तपासायची सुई काढली आणि रांगेतल्या माणसाला मारतात तशी हाक मारली.

"सुमंगला!"

दार दोन पावलांवर होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, ताराही.

"ओ," मी म्हटलं, आणि बोट पुढे केलं.